ओव्हनमधलं रीळ

"सहा तास झाले. मी केक कधी भाजू?" बायकोने विचारलं.

"अजून दोन तास," रीळकाका ओव्हनच्या काचेला नाक लावून म्हणाले. "आणि दार उघडू नकोस."

आत मंद आचेवर ताटाएवढं रीळ होतं, तपकिरी फितीचं. पूर्वी कॉम्प्युटर सगळं अशाच फितींवर लिहून ठेवायचे. जुनी झाली की फीत चिकट होते, मशीनला धरून बसते. मंद उष्णता दिली की थोडे दिवस ताळ्यावर येते. समुद्राची भरती-ओहोटी मोजणाऱ्या कार्यालयाच्या तळघरात रीळकाकांनी बत्तीस वर्षं हीच रिळं चढवली, उतरवली, पेनाने नंबर घातले, पुसून पुन्हा वापरायला दिली. हुद्दा कायम मदतनीसाचाच. निवृत्त होताना भंगारात निघालेली साठ रिळं त्यांनी परवानगी घेऊन घरी आणली. कपाटात रिळं गेली आणि बायकोचे कपडे पलंगाखाली. तिने तीन दिवस अबोला धरला होता.

आज सकाळीच त्या कार्यालयातल्या नव्या संशोधक बाई धापा टाकत आल्या.

"काका, एकशे सतरा नंबर आहे का हो तुमच्याकडे? मोठ्या वादळाच्या वर्षाच्या नोंदी दुसरीकडे कुठेच नाहीत. बंधारा किती उंच बांधायचा ते अडलंय."

काकांनी ऐटीत कपाट उघडलं. रिळं एकोणसाठच भरली. त्यांनी दोनदा मोजली. मागे बायको खाकरली.

"काकडीचा वेल बांधायला घेतलं होतं. दोरी संपली होती. फार नाही कापलं."

तिघं परसात धावली. उरलेलं रीळ कुंडीवर झाकण म्हणून विराजमान होतं. काकांचा चेहरा पाहून बायको हळूच म्हणाली, "मला काय माहीत त्यात समुद्र आहे म्हणून." आणि तिनेच ओव्हन रिकामा करून दिला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात दोन इंजिनियर जुन्या मशीनचं माहितीपुस्तक उलटसुलट करत होते. काकांनी रीळ बसवलं, फीत चाकांमधून ओवली, बोटाने हलकेच ताण पाहिला आणि बटण दाबलं. पडद्यावर आकडे धावू लागले. वादळाचे दिवस आले तेव्हा बाई खुर्चीतून उठल्याच.

"सगळं आहे. फक्त जानेवारीचे पहिले नऊ दिवस दिसत नाहीत."

"ते काकडीत गेले," काका म्हणाले.

बाई हसल्या. त्यांनी मेमरी कार्डाची नखाएवढी एक चकती काकांच्या तळहातावर ठेवली. "घ्या. ते नऊ दिवस सोडून अख्खं वर्ष यात उतरवलंय. तुमची साठही रिळं मावतील, वर जागा उरेल."

काकांनी सवयीने खिशातलं पेन काढलं. चकती या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली. नंबर लिहायला कुठे जागाच नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि चकती दोन्ही हातांनी धरून बाईंना परत दिली.