जपानी खानावळीत पत्ता विचारायला आलेला माणूस

सासऱ्यांनी एका जपानी आचाऱ्याच्या हाताखाली शिकून ही खानावळ काढली होती. ते गेले, तरी नूडल्स खायला दुपारी सगळी गल्ली इथेच लोटायची. त्या दिवशीही सासूबाई गल्ल्यावर, नवरा माल आणायला गेलेला, आणि थोरली सून एकटीच भट्टीपाशी घामाघूम झाली होती.

"वहिनी, सरका. भाजेल तुम्हाला."

तिने चमकून मागे पाहिलं. खांद्याला पिशवी अडकवलेला, कधी न पाहिलेला माणूस ॲप्रन बांधत होता. त्याने डावा हात भिंतीकडे नेला आणि गुळगुळीत फरशीवर चाचपू लागला.

"नूडल्स निथळायची जाळी कुठे गेली?"

तिथे पूर्वी जाळी अडकवायचा खिळा होता. भिंतीला फरशी बसवली तेव्हा काढून टाकला. त्याच्याही आधी धाकटा दीर जहाजावर नोकरीला गेला होता. तो गेला तो गेलाच. ना फोन, ना निरोप. सासूबाई अजून वाट बघत होत्या.

तिने जाळी पुढे केली. मनगटाला धाकट्याचा तोच झटका देऊन त्याने वाडगा भरला.

"काय रे, कधी उगवलास?" शेजारचा शिंपी खाता खाता, वर न बघताच, आवाज ओळखून म्हणाला.

"हा काय, आत्ताच."

शिंप्याने मान वर केली, आणि घास त्याच्या तोंडातच राहिला.

सासूबाई उठून आल्या. त्या परक्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"जेवलास का रे?"

"नको आई. पाणी फार गार होतं गं. अजून हुडहुडी जात नाही."

समोर कढ येत होता, वाफेने भिंती ओल्या झाल्या होत्या, आणि त्याचे ओठ निळे पडले होते. सासूबाईंनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळले. "ये, जाळाजवळ ये. ऊब घे."

त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा ॲप्रन बघून तो दचकलाच. "अहो, मी... मी स्टेशनचा रस्ता विचारायला आलो होतो."

"डावीकडे वळा. मग सरळ," सासूबाई म्हणाल्या.

पिशवी सावरत तो जवळजवळ पळालाच.

"आई, बसा. वेडा असेल कुणीतरी," सून म्हणाली.

"थोरल्याला फोन लाव. धाकटा गेला म्हणावं."

एवढं बोलून सासूबाई भर गिऱ्हाइकांत, तोंडाला पदर न लावता, मोठ्याने रडू लागल्या. शिंप्याने उठून शटर खाली ओढलं. जेवणारे आतच होते. कुणी उघडा म्हणालं नाही.