टाकीखालची वायर

नर्सने मोटारसायकलला सातवी किक मारली, पण इंजिनाने हूं की चूं केलं नाही.

गल्लीच्या टोकाच्या आरोग्य केंद्रातून आणलेली थंड पेटी सीटवर मागे करकचून बांधलेली होती. तिच्यात सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा कुप्या होत्या. बावीस किलोमीटरवर दगडखाणीच्या दवाखान्यात साप चावलेला एक कामगार पडून होता आणि तिथला साठा संपला होता. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन शहरात गेलेली, ती परतायला दीड तास तरी लागणार होता. दहा वाजून गेले होते; गल्लीतल्या गाड्या केव्हाच कामावर गेल्या होत्या.

"पेट्रोलचा वास येतोय," दारातल्या खुर्चीवरून सासरे म्हणाले. "म्हणजे पेट्रोल पोचतंय. करंट मिळत नसेल."

त्यांना सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. पस्तीस वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं होतं. पण दोन वर्षांपासून डोळ्यांनी दगा दिला होता; समोरचं माणूस म्हणजे त्यांना नुसता धुरकट आकार दिसायचा. महिन्यापूर्वी त्यांनी चुकीचा नट आवळला आणि भर रस्त्यात तिचा ब्रेक अडकला. थोडक्यात वाचली होती ती. त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "बाबा, आजपासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही." तेव्हापासून दोघांचं बोलणं 'जेवायला या' आणि 'हो' एवढ्यावर आलं होतं.

तिने हेल्मेट काढून जमिनीवर ठेवलं. "काय करू, सांगा."

उस्ताद भिंतीला हात लावत आले. "पेट्रोलचा कॉक बंद कर. प्लग काढ."

प्लगचा पाना हत्यारांच्या डब्यात होता. तिने प्लगवरची वायरची रबरी टोपी उपटली, प्लग सोडवला. तो ओला होता.

"परत टोपीत घाल आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेव. भोकापासून लांब, नाहीतर भडका उडेल. मी किक मारतो, तू बघ. उन्हात ठिणगी दिसायची नाही, सावली कर."

तिने अंगातला पांढरा कोट काढून वर धरला आणि खाली वाकली. सत्तरीचे उस्ताद हँडल धरून किकवर उभे राहिले. एकदा. दोनदा.

"काही नाही."

"डब्यातला नवा प्लग लाव."

नव्या प्लगवरही अंधारच. तेवढ्यात फोन वाजला. खाणीवरचा डॉक्टर होता. "सिस्टर, निघालात का? त्याच्या पापण्या मिटायला लागल्यात. जीभ जड झालीये."

"पाच मिनिटांत निघते," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

"टोपीच काढून टाक," उस्ताद म्हणाले. "वायरचं टोक इंजिनापासून नखभर लांब राहील असं चिमटीत... हाताने नको, झटका बसेल. लाकडाच्या चिमट्याने धर."

तिने दोरीवरचा कपड्यांचा चिमटा ओढून घेतला. किक. पुन्हा किक. उस्तादांना धाप लागली होती.

"नाहीच येत, बाबा."

म्हणजे प्लग ठीक, टोपी ठीक. उस्ताद किकवरून उतरले आणि टाकीवर हात ठेवून उभे राहिले. तिला वाटलं, झालं, यांचीही अक्कल संपली. एकेक क्षण डोक्यात घण घातल्यासारखा जात होता.

"बाबा, पुढे काय?"

"मागच्या आठवड्यात तू ड्युटीवर होतीस, तेव्हा मी टाकी उतरवली होती," ते म्हणाले. "आत गंज धरलाय की काय ते हाताने चाचपून बघायला. परत बसवताना खाली वायर दबली असणार. आठवडाभर घासत राहिली आणि आज सोलवटली. माझंच काम हे."

तिच्या कानशिलात जाळ उठला.

"ते नंतर बोलू. कुठली वायर?"

"बाजूचं झाकण उघड. काळा डबा दिसेल. त्यातून निघालेली काळी वायर, पांढऱ्या पट्टीची. गाडी बंद करायचं काम तिचं. ती लोखंडाला चिकटली की चावी चालू असली तरी गाडीला बंदच वाटतं. जोड ओढून सोडव."

झाकण निघालं. आत पाच-सहा वायरींचा गुंता होता, त्यातल्या दोन काळ्या. एकीवर धूळ बसली होती. तिने कोटाच्या बाहीने पुसली, तेव्हा पट्टी दिसली. जोड घट्ट होता. नख मोडलं, पण निघाला.

"मारा."

चट्. निळी, जाड ठिणगी.

"आली," ती म्हणाली.

प्लग परत बसवायला तिने घाईने खणकन पाना उचलला. उस्तादांनी तिचं मनगट धरलं. "पाना नको. आधी बोटांनी फिरव. आटे तिरके धरले तर गाडी इथेच राहील." ती थांबली, श्वास सोडला आणि बोटांनी हळूहळू फिरवत गेली. टोपी बसवली, कॉक उघडला, झाकण लावलं. दुसऱ्या किकला गाडी धडधडली.

"चावीने बंद व्हायची नाही," उस्ताद आवाजावर आवाज काढून म्हणाले. "पोचलीस की ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोड. आपोआप मरेल."

ती गेली. वाटेत वळणावर खडी पसरली होती, तिथे मागचं चाक सरकलं, पण सावरलं. पंचवीस मिनिटांत ती दवाखान्याच्या पायरीशी होती. पेटी डॉक्टरच्या हातात देईपर्यंत त्या कामगाराचा श्वास उथळ झाला होता. तासभर ती स्वतः त्याच्या तोंडावर श्वास द्यायचा रबरी फुगा दाबत बसली. दुपारी तीनच्या सुमाराला त्याने डोळे किलकिले केले आणि पाणी मागितलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा उस्ताद खुर्चीत नव्हते. आत कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"वाचला," ती म्हणाली.

ते उठून बसले. बराच वेळ दोन्ही हातांनी चेहरा चोळत राहिले. "मी आता हात लावणार नाही गाडीला."

"मला न विचारता लावायचा नाही," ती म्हणाली. "राग गेलेला नाही माझा, बाबा. पण चला, टाकी उतरवायचीय. अजून उजेड आहे. वायर कुठून न्यायची ते तुम्ही सांगा, मी बघते."

त्यांनी चपला चाचपल्या. तिने त्या पायाने त्यांच्याकडे सरकवल्या आणि पाना आणायला गेली.