उद्घाटनाआधीची आंघोळ

परसातला गोठा पाडायचा की नाही, यावरून सकाळी सकाळी मायलेकांची जुंपली. म्हातारा अंगणातल्या खाटेवर, वॉकरच्या दांडीवर हनुवटी टेकवून ऐकत होता. भांडण त्याच्यासाठीच चाललं होतं, पण त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

"गाईला कुठं बांधू? तुझ्या दुकानात?" म्हातारी म्हणाली.

"गाय विकून टाकू, आई. तुम्हा दोघांसाठी स्वतंत्र खोली बांधतोय मी. बाबांना पायरी नको, उंबरा नको. संडास, मोरी आतच. सगळं शास्त्रशुद्ध!"

"गाय जाणार नाही. तिच्या शेजारी बांध. आम्हाला तिची सवय आहे, तुझ्या शास्त्राची नाही."

लेकाचं खतं-बियाण्यांचं दुकान होतं. गावात त्याला फोटोदादा म्हणत. कुणाच्या बैलाला बक्षीस मिळो नाहीतर कुणाचं पोर पास होवो, फोटोत मधोमध हाच. यंदा त्याला दूध सोसायटीचा चेअरमन व्हायचे डोहाळे लागले होते. म्हातारीला हे सगळं ठाऊक होतं. पण मागच्या पावसात म्हातारा मागच्या पायऱ्यांवरून कोसळला, खुब्यात सळई बसली, आणि तेव्हापासून परसाच्या टोकाच्या संडासात जायचं म्हणजे त्याला डोंगर उतरल्यासारखं व्हायचं. म्हणून लेकानं खोलीचं नाव काढलं तेव्हा तिचा खरोखर ऊर भरून आला होता. पोरगं सुधारलं, असं ती गाईलासुद्धा सांगून आली.

गोठा अर्धा राहिला, खोलीची आखणी सुरू झाली. लेकाच्या मोबाइलमध्ये चित्रं होती. गवंडी ती चित्रं बघून मान हलवायचा आणि आपल्या मनाचंच करायचा. त्यानं दारापुढे मातीचा उतार घातला तो असा खडा, की म्हातारीनं बघताक्षणी शेणाची भरलेली ढकलगाडी आणून त्याच्या हातात दिली.

"चढव वर."

गवंड्यानं अर्ध्यात दम टाकला.

"ह्यांना उद्या चाकाच्या खुर्चीत बसवावं लागलं तर मी ढकलणार आहे. मी बाई आहे, ट्रॅक्टर नाही."

मग उतार भिंतीकडेनं लांब, निवांत वळवला. दार रुंद केलं. फरशी निवडताना मात्र लेक अडून बसला. त्याला चकचकीत हवी होती, तोंड दिसलं पाहिजे अशी.

"तोंडही दिसेल आणि पडल्यावर सांडलेले दातही दिसतील," म्हातारी म्हणाली. तिनं नमुन्याच्या फरश्या अंगणात मांडल्या, वर साबणाचं पाणी ओतलं आणि लेकाला अनवाणी चालायला लावलं. दुसऱ्याच पावलाला त्यानं गवंड्याच्या गळ्याला मिठी मारली. खरखरीत फरशी आली.

आधाराच्या दांड्या कुठं ठोकायच्या हेही तिनंच ठरवलं. म्हाताऱ्याला स्टुलावर बसवलं, उठायला सांगितलं आणि त्याचा हात आपसूक जिथं गेला तिथं भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. सूनबाईनं पलंगापाशी दिव्याचं बटण मागून घेतलं. "अंधारात चाचपडत उठायला नको," ती हळूच म्हणाली. नवऱ्यासमोर ती नेहमी हळूच बोलायची.

खोली झाली. बाहेरून फिकट पिवळी, आत ओल्या चुन्याचा वास, खिडकीतून गाईचं तोंड. म्हातारा उतारावरून वॉकर टेकत टेकत एकट्यानं वर गेला. दारात पोचला आणि बघतो तर दाराला कुलूप.

"घाई नको, बाबा," लेक म्हणाला. "दूध संघाचे अध्यक्ष येणारेत फीत कापायला. तोवर वापरायची नाही. डाग पडतील."

"म्हाताऱ्याचे?" म्हातारीनं विचारलं.

"असं काय बोलतेस? कार्यक्रम आहे. आईवडिलांची सेवा कशी करावी ते अख्ख्या गावाला कळू दे की!"

अध्यक्षांना कधी बैठक, कधी दौरा, कधी सर्दी. तारीख पुढं पुढं सरकत राहिली. मधल्या काळात खोली बघायला अर्धा गाव येऊन गेला. त्यांच्यासाठी कुलूप निघायचं. लेक माणसांना चपलांसकट आत न्यायचा, दांड्या हलवून दाखवायचा, सोसायटीच्या जुन्या सभासदांना कमोडवर बसवून विचारायचा, "कसं वाटतं?" सभासद लाजून म्हणायचे, "उठावंसं वाटत नाही." मग हसणं, फोटो, चहा. ज्यांच्यासाठी हे सगळं बांधलं ती दोघं मात्र जुन्या घरातून पायऱ्या उतरत, उकिरड्याला वळसा घालत टोकाच्या संडासात जात होती.

एका दुपारी पाऊस पडून गेला होता. म्हाताऱ्याचा वॉकर चिखलात रुतला आणि तो उभ्या जागी घसरून उकिरड्याच्या कडेला बसला. हाड मोडलं नाही. पण त्याला उठता येईना आणि म्हातारीला उचलता येईना. ती काखेत हात घालून ओढायला लागली की तो आणखीच खाली सरकायचा. शेवटी सूनबाई धावत आली. दोघींनी मिळून त्याला उभं केलं. त्याच्या धोतरावरून शेणाचं पाणी निथळत होतं.

"लहान पोरासारखं झालंय माझं," तो म्हणाला. रात्री तो जेवला नाही.

म्हातारीनं लेकाकडे किल्ली मागितली.

"रविवारी नक्की येतायत, आई. आता चार दिवसांसाठी कशाला? मांडवसुद्धा सांगितलाय."

तोफेसारखं तोंड असलेली ती बाई नुसती मागं वळली आणि शेणानं भरलेलं धोतर धुवायला बसली. सूनबाईला त्याचीच जास्त भीती वाटली.

रविवार उजाडला. दारावर लाल फीत, परसात खुर्च्या, गोठ्याला आडपडदा, कारण गाय फोटोत नको होती. लेक अध्यक्षांना आणायला फाट्यावर गेला. तो वळणाआड झाल्यावर सूनबाई सासूपाशी आली. तिच्या हातात किल्ली होती.

"झाडून घ्यायला दिलीय," ती म्हणाली. आज ती हळू बोलत नव्हती. "आई, मी पाणी तापवलंय. बंब भरून."

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून दोघींचं मिठाच्या बरणीवरूनसुद्धा वाजायचं. आज म्हातारी एवढंच म्हणाली, "साबण घे. चांगला, पाहुण्यांसाठी ठेवलेला."

कुलूप उघडलं. फीत दोघींनी अलगद वर धरली आणि म्हातारा खालून वाकून आत गेला. सूनबाई पाणी ठेवून बाहेर आली. म्हातारीनं आतून कडी लावली.

कितीतरी दिवसांनी म्हाताऱ्याची धड आंघोळ चालली होती. स्टुलावर बसून, दांडी धरून, पडायची भीती न बाळगता तो पाणी अंगावर घेत होता. तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. दाराची मूठ हलली. मग लेकाचा दबका आवाज आला.

"आई! अध्यक्ष आलेत! दार उघड!"

"तुझे बाबा आंघोळ करतायत."

"आत्ता?"

"मग काय पुढच्या तारखेला करू?"

बाहेर कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. लेकानं अध्यक्षांना काय सांगितलं कोण जाणे, पण लोक जमलेले, माईक चालू; बंद दारापुढंच फीत कापली गेली आणि भाषणं सुरू झाली. कर्णा नेमका मोरीच्या झरोक्यापाशी बांधला होता. अध्यक्षांचा आवाज दाटून आला होता. थोर माणूस, आदर्श पुत्र, गावाचं भूषण, असं काय काय ते म्हणत होते.

म्हाताऱ्यानं तोंडावरचा फेस पुसला आणि कान टवकारले.

"कोण गेलं गं?"

"कुणी नाही गेलं. तुमच्या मुलाचं कौतुक चाललंय."

"असं होय," म्हातारा म्हणाला आणि पाठ पुढं केली. "चालू दे मग. जरा खाली चोळ."