कोरा झेंडा

डाव्या बुटाची शेवटची कडी चिखलाने गच्च बसली होती. त्याने आधी बोटांनी ओढून पाहिली, मग पक्कड मागितली. मेकॅनिक तंबूच्या तोंडाशी मोटरसायकल धूत होता. पाण्याचा पाइप एका हातात तसाच धरून त्याने दुसऱ्या हाताने पक्कड फेकली.

"कापून काढा की बूट. परत थोडाच घालायचाय."

तो हसला. अकरा वर्षांत मेकॅनिक कधी सरळ बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि आजच सरळ बोलायला लागला असता तर पंचाईत झाली असती. शेवटची शर्यत संपून अर्धा तास झाला होता. कारकिर्दीतली शेवटची. चौदावा नंबर. आयोजकांनी निरोपाचा म्हणून दिलेला पुष्पगुच्छ एका सुट्या टायरवर आडवा पडला होता.

बाहेर गर्दी पांगत होती. मधूनच कुणीतरी "ए ब्रेक" म्हणून हाक मारी आणि हशा पिके.

हे नाव त्याला चिकटून सहा वर्षं झाली होती. अजिंक्यपदाची अंतिम शर्यत, शेवटचा फेरा, आणि तो सगळ्यांच्या पुढे. मातीच्या ट्रॅकवरची सगळ्यात मोठी उडी समोर होती. मातीचा तो चढ घराएवढा उंच, पलीकडचं काहीएक दिसत नाही, वेगाची मूठ पिळायची आणि हवेत जायचं. त्याने मूठ पिळली नाही. ब्रेक दाबला, गाडी रांगत चढवली, आणि माथ्यावर इंजिन बंद पडलं. पलीकडे उतारावर तेवीस नंबरचा पोरसवदा स्पर्धक गाडीखाली पाय अडकून पडला होता. उडी मारली असती तर तो नेमका त्याच्या छातीवर उतरला असता. मागून येणारा ह्याला हळू झालेला बघून हळू झाला, बाजूने निघून गेला आणि जिंकला.

माइक पुढे आले तेव्हा तो म्हणाला, "पिवळा झेंडा होता." पिवळा झेंडा म्हणजे पुढे कुणीतरी पडलंय, उडी मारू नका. माथ्यावरच्या झेंडेवाल्यानेही अहवालात तेच लिहून दिलं. प्रकरण मिटलं, पण लोकांचं समाधान झालं नाही. कुठल्याच चित्रफितीत झेंडा दिसत नव्हता. आधी घाबरला आणि मग बहाणा सापडला, असं ठरलं. तेव्हापासून तो कुठल्याही उडीजवळ आला की प्रेक्षक उजवा हात वर करत आणि ब्रेक दाबल्यासारखी दोन बोटं मिटत. हजारो हात एकदम. हेल्मेटमध्ये हसण्याचा आवाज येत नाही, पण हात दिसतात.

ताईने खोट्या नावाने तीन वर्षं इंटरनेटवर त्यांच्याशी भांडण केलं होतं. "माझा भाऊ आहे म्हणून नाही सांगत," असं एकदा चुकून लिहून बसली, आणि मग त्यावरूनही महिनाभर करमणूक झाली.

मेकॅनिक गाडी ट्रकमध्ये चढवायला घेऊन गेला. पाण्याचा आवाज थांबला तसा तंबू एकदम मोठा वाटायला लागला. त्याने बूट काढला, पण दुसऱ्याला हात घातला नाही. तेवढ्यात कनातीशी कुणीतरी खाकरलं.

साठीच्या पुढचा माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, काखेत कापडी पिशवी. वाकून चपला बाहेर काढायला लागला, मग चिखल बघून तशाच ठेवल्या.

"ओळखलं नसणार तुम्ही. मी झेंडेवाला. त्या वर्षी मोठ्या उडीवर मीच होतो."

तो उठून उभा राहिला, एका पायात बूट आणि एका पायात मोजा. त्याने पेट्रोलचा रिकामा डबा उपडा करून पुढे केला. "बसा ना."

झेंडेवाला बसला आणि पिशवी मांडीवर धरून राहिला. बोलायचं पाठ करून आला असावा, कारण सुरुवात दोनदा चुकली.

"आमचा नियम तुम्हाला माहितीये. शर्यतीकडे पाठ करून उभं राहायचं. नजर पलीकडच्या उतारावर. मागून कुणी का येईना, वळून बघायचं नाही. बावीस वर्षं मी एकदाही वळलो नव्हतो."

"माहितीये."

"त्या दिवशी वळलो." त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "तुम्ही येत होता म्हणून. अजिंक्यपद मिळवताना एकदा समोरून बघावं म्हटलं. मी तुमचाच माणूस, पहिल्या शर्यतीपासूनचा. तेवढ्यात माझ्या पाठीमागे तो पोरगा पडला आणि मला पत्ता नाही. झेंडा माझ्या हातात गुंडाळलेलाच होता."

त्याने पिशवीतून पिवळं कापड काढून टेबलावर ठेवलं. घड्या मोडलेल्या नव्हत्या. कोपऱ्यावर कारखान्याचा शिक्का तसाच होता. त्या दिवशी इतका चिखल होता की माणसं आवाजावरून ओळखावी लागत होती, आणि ह्या कापडावर एक शिंतोडा नव्हता.

तो त्या घड्यांकडे बघत राहिला. सहा वर्षं तो समजून चालला होता की झेंडा खरोखरच हलला असेल. आपण खोटं बोललो आणि योगायोगाने ते खरं निघालं, एवढा एक आधार त्याच्याकडे होता.

"मी अहवालात खोटं लिहिलं," झेंडेवाला म्हणाला. "हाकलून दिलं असतं, त्याचं काही नाही. पण माणूस मेला असता, हे घरी कोणत्या तोंडाने सांगू? आणि मग ऐकलं, तुम्ही माइकवर सांगितलंत, झेंडा होता. झेंडा नव्हता हे आपल्या दोघांनाच ठाऊक. तुम्ही मला झाकलंत. अजिंक्यपद गेलं, लोकांचे टोमणे खाल्लेत, पण माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत."

त्याने छातीच्या खिशातून पाकीट काढून पुढे केलं.

"समितीला पत्र लिहिलंय. सगळं कबूल केलंय. पेपरातही देणार आहे. तुम्हाला ब्रेक म्हणतात ते मला आता ऐकवत नाही."

"पण झेंडाच नव्हता, तर मी थांबलो कसा, असं विचारतील."

"त्याचा मी पुष्कळ विचार केला." झेंडेवाल्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "तुम्हाला माझं तोंड दिसलं. झेंडेवाल्याची पाठ दिसायला हवी आणि तोंड दिसतंय, म्हणजे काहीतरी बिघडलंय. एवढ्या वेगात एवढं हेरणं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पत्रात तसं लिहिलंय."

बाहेर ट्रकचं फळकूट आपटल्याचा आवाज आला. त्याने पाकीट उघडलं नाही, नुसतं हातात धरलं. किती बेतशीर होतं सगळं. ह्यात एक शब्द घालायचा नव्हता, एक काढायचा नव्हता. उद्या हेच छापून आलं असतं. ताईने कात्रण काचेत लावलं असतं, आणि ह्या वेळी स्वतःच्या नावाने लिहिलं असतं. आपल्यावर असं प्रेम करणारं कुणी अजून शिल्लक आहे, हेच त्याला नवीन होतं. त्याला ते फार हवंसं वाटलं.

त्याने टेबलाखालून गॉगल काढला. काचेवर प्लास्टिकचे पातळ पापुद्रे एकावर एक लावलेले असतात. चिखल उडाला की वरचा ओढून टाकायचा, खाली स्वच्छ.

"सात असतात," तो म्हणाला. "त्या दिवशी मी पहिल्या दोन फेऱ्यांतच पाच ओढले. घाईत एकदा तर दोन एकदमच आले. शेवटच्या फेऱ्याला एकही नव्हता. काच भरलेली, नुसता उजेड-अंधार कळत होता. तुमचं तोंड नाही दिसलं मला. तुम्ही तिथे आहात हेही नाही दिसलं."

"मग?"

"मग काही नाही. समोर चढ आला आणि मला वाटलं, हे मला जमणार नाही. भीती वाटली. ब्रेक दाबला."

झेंडेवाला गॉगलकडे बघत होता, जणू त्याच्यावर अजून तोच चिखल होता.

"म्हणजे झेंड्याचं तुम्ही माझ्यासाठी नाही बोललात."

"नाही. माथ्यावर गॉगल वर सरकवला आणि तो पडलेला दिसला, तेव्हा सुचलं."

"आणि तो पोरगा?"

"तो वाचला, ते बरं झालं. मी वाचवला नाही."

मग झेंडेवाल्याने झेंडा उचलला, घड्या होत्या तशाच, आणि पिशवीत ठेवला.

"हा तुम्हाला द्यायला आणला होता," तो म्हणाला. "पण राहू दे माझ्याकडेच."

"पत्र द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी ओळ तेवढी खोडा."

"माझी चूक तेवढी उरते मग."

"हो."

म्हाताऱ्याने पाकीट घेतलं. जाताना नमस्कार करायला हात अर्धवट वर गेला आणि पिशवी सावरण्यात राहून गेला. त्याचं पाऊल कनातीबाहेरच्या चिखलात वाजत लांब गेलं. आपल्या बाजूचा हा शेवटचा माणूस होता, असं ह्याच्या मनात आलं, आणि त्याने उरलेल्या बुटाला पक्कड लावली.

मेकॅनिक परत आला. "कोण होतं? सही मागत होता?"

"नाही."

"चला मग. गेटवर वीसेक जण आहेत तुमचे चाहते. मागच्या वाटेने काढू का गाडी?"

"नको. मी चालत येतो पुढून."

गेटच्या जाळीपलीकडे माणसं उभी होती. नोकरीवाली, पोराबाळांची, सुट्टीचा दिवस घालवून थकलेली. त्याला बघताच सवयीने हात वर गेले, दोन-दोन बोटं मिटली, आणि कुणीतरी हसलं. दर वेळी तो मान खाली घालून निघून जाई. आज तो जाळीशी थांबला. त्याने उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि दोन बोटं सावकाश मिटली.

हसणारा आधी थांबला. मग समोरचे हात एकेक करून खाली आले. त्याचा वरच होता.