पेशंटसकट चादर

नर्सिंगच्या शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात बाकांवर बसलेल्या पोरींकडे धाकटीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहून घेतलं, आणि तिची खात्री पटली की यातल्या एकीनंही जन्मात बेडपॅन उचललेलं नाही. उचलणं राहू द्या, बघितलंसुद्धा नसेल. कपड्यांना कडक इस्त्री, केस चापून बसवलेले, नखं कापलेली, तीही बहुतेक आईनंच कापून दिलेली. आणि ओठांची सारखी पुटपुट चाललेली. क्लासवाल्यानं घोकून घेतलेली उत्तरं. तुम्हाला नर्स का व्हायचंय? मला लहानपणापासून आजारी माणसांची सेवा करायची आहे. सेवा म्हणे! डोंबलाची सेवा. लहानपणापासून यांनी स्वतःचा ताप तरी स्वतः मोजला होता का?

शेजारी बसलेली मुलगी तर हद्दच होती. गोरीगोमटी, गुबगुबीत, आणि आवाज असा की दुधाच्या सायीवरून घसरत यावा. तिनं धाकटीला आपणहून विचारलं, "तुम्हाला पण भीती वाटतेय का हो?"

"भीती कशाची?" धाकटी म्हणाली.

"आत खरी माणसं झोपवून ठेवलीत म्हणे. त्यांना काही दुखलंखुपलं तर?"

"मरत नाही कुणी," धाकटी म्हणाली आणि मान फिरवून बसली. मनातल्या मनात तिनं त्या पोरीचं नाव मऊबाई ठेवून टाकलं.

धाकटीला धाकटी म्हणत, कारण घरात तिच्यावर एक दादा होता. आईवडील लवकर गेले. दोघांना आत्यानं वाढवलं. लग्न न केलेली, कडक, जिभेनं कुणालाही सोलून काढणारी आत्या. मग एका सकाळी आत्याची उजवी बाजू गेली, अर्धं तोंड गेलं, आणि तेव्हापासून आत्याचं सगळं धाकटीनं केलं. सगळं म्हणजे सगळं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, हगणंमुतणं. आत्याच्या पाठीला आजवर एक जखम झाली नव्हती. डॉक्टर यायचे ते बघून म्हणायचे, "हॉस्पिटलात ठेवूनसुद्धा इतकं चांगलं राहत नाही." यात खोटं काही नव्हतं.

दादाचं करणं निराळं. दादा दारातून चौकशी करायचा, नाकाला रुमाल लावून. "काय म्हणतेय आत्या? बरी आहे ना?" आणि उत्तर यायच्या आत चपला घालून बाहेर. वहिनी तर खोलीत पाऊल टाकायची ते पाहुणे आले की. आत्याची चादर दोन बोटांनी सरळ केल्यासारखी करून म्हणायची, "आम्ही फार करतो हो यांचं." त्या 'आम्ही'मध्ये कोण कोण येतं, हे विचारायची धाकटीला फार हौस होती. पण तिनं ते राखून ठेवलं होतं. शाळेत जागा मिळाली की हॉस्टेलला निघताना दारात उभं राहून विचारायचं, असं तिचं ठरलं होतं. लेखी परीक्षेत ती वरच्या नंबरात आली होती. आता राहिली होती ती हातांची परीक्षा, आणि तिथे तर तिचा हात कोण धरणार होतं? यंदा मात्र व्हायलाच हवं होतं. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येत होती. यंदा नाही तर कधीच नाही. मग जन्मभर ते घर, तो दादा, ती वहिनी आणि ती खोली.

नावं पुकारली तशी दोघी दोघींना आत घेत गेले. धाकटीच्या नशिबात मऊबाई आली.

आत दवाखान्यातल्यासारखी खोली. दोन पलंग, दोन कपाटं, स्वच्छ चादरींचे गठ्ठे. एका पलंगावर एक आजी, दुसऱ्यावर जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक आजोबा. आजोबा रिटायर झालेले शिंपी होते आणि आजी टेलिफोनमध्ये होत्या, असं दारातली शिपाईण सांगत होती. दोघं धडधाकट, नुसती आजारी पडल्यासारखी पडून होती. कोपऱ्यात एक सिस्टर वही घेऊन उभी होती. ती म्हणाली, "पेशंटला पलंगावरून न उठवता खालची चादर बदलायची. करा सुरू."

धाकटीला हसूच आलं. एवढंच? हे ती अर्धवट झोपेतही करत आली होती. बाह्या वर केल्या, हात धुतले, आणि आधी आजोबांच्या नाकावरचा चष्मा काढून मागच्या कपाटावर ठेवून दिला. वळवताना नाकात रुतायला नको. एवढी अक्कल क्लासमध्ये शिकवतात का?

"अहो, जरा..." आजोबा म्हणाले.

"हां हां, झालंच," धाकटी म्हणाली, आणि एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे घालून तिनं त्यांना असं अलगद कुशीवर वळवलं की पलंग कुरकुरलासुद्धा नाही. जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळली, नवी तिच्याच मागोमाग पसरली.

"पोरी, थांब, माझा..."

"झालं झालं." दुसऱ्या कुशीवर. जुनी ओढून काढली, नवी ताणून घेतली, कोपरे खोचले. सुरकुती शोधून सापडली नसती.

मग ती हाताची घडी घालून मऊबाईची गंमत बघत उभी राहिली. मऊबाईचं काय चाललं होतं म्हणता! "आजी, मी तुम्हाला या अंगावर वळवू का? का आधी त्या? कुठं दुखतं का तुमचं?" आजी म्हणाल्या, गुडघा दुखतो. मग त्या गुडघ्याची चौकशी. मग गुडघ्याखाली उशी. मग उशी घसरली. मग दोघी हसल्या. मग चादर उलटी घातली गेल्याचं लक्षात आलं, आणि आजीच म्हणाल्या, "अगं, शिवण वर आली की." परत पहिल्यापासून. शेवटी जी काही चादर घातली गेली, तिच्यावर कुत्रंसुद्धा झोपलं नसतं. धाकटीनं कोपऱ्यातल्या सिस्टरकडे पाहिलं, की आता हिला हाकलते की नाही. सिस्टर मान खाली घालून लिहीत होती.

धाकटीला सगळ्यात शेवटी मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य, पूर्वीच्या मेट्रन. करडे केस, बारीक डोळे, आणि समोरच्या माणसाचं वजन करावं तशी नजर. टेबलाच्या कडेला खुर्चीवर ते शिंपी आजोबा बसले होते. चष्मा नाकावर परत आला होता.

"आमच्याकडे पद्धत आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, "पलंगावर जो झोपतो, त्यालाही मार्क द्यायचा हक्क असतो. सांगा काका."

शिंपी मार्क देणार! आता फक्त शिपाईण राहिली होती. पण धाकटीला काळजी नव्हती.

"हात झकास आहे हिचा," आजोबा म्हणाले. "इतकी वर्षं इथं झोपायला येतोय, पण इतकं नीट कुणी धरलं नाही मला. आणि चादर काय बसवली! कापडाला एक चुणी नाही. ते आम्हाला कळतं."

बघा, धाकटीच्या मनात आलं.

"पण चष्मा काढला माझा. मला काही दिसेना. डावा खांदा माझा बरेच दिवस दुखतोय, ते सांगायला गेलो, तर म्हणाली, झालंच. परत सांगायला गेलो, तर म्हणाली, झालं झालं. मग म्हटलं, जाऊ दे. होऊन जाऊ दे तिचं एकदाचं." त्यांनी खांदा जरा चोळला. "दुखला तो."

"मग ओरडायचं होतं!" धाकटी फाडकन म्हणाली. "दुखत असेल तर माणूस ओरडतो. प्रत्येकाला विचारत बसलं तर दिवसभरात एक चादर व्हायची नाही. त्या शेजारचीनं काय दिवे लावले, ते सिस्टरच्या वहीत वाचलंत ना?"

"वाचलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "घरी कोण आहे आजारी?"

"आत्या. अंथरुणावर आहे."

"वाटलंच. बोलता येतं त्यांना?"

"येतं म्हणजे... एकेक शब्द काढायला जन्म जातो. मला कळतं तिला काय म्हणायचंय ते. मीच पुरं करते."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "घरून तयार होऊन येणाऱ्या मुलींचं हे असंच होतं. दर वर्षी एखादी येते. काम बिनचूक आणि माणूस गायब. ज्यांना काही येत नाही, त्यांना मी शिकवू शकते. चादर काय, महिन्याभरात येते. तुम्हाला मात्र आधी विसरायला लावावं लागेल, आणि तुम्ही विसरणाऱ्यातल्या दिसत नाही."

"म्हणजे?" धाकटी म्हणाली. "त्या मऊ... त्या मुलीला घेतलंत?"

"घेतलं."

"माझं यंदाचं शेवटचं वर्ष आहे."

"मग अवघड आहे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि दुसरा कागद पुढे ओढला.

वाटभर धाकटीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. शिंप्याच्या खांद्यापायी! आणि ती खडूस म्हातारी, खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकणारी, तिनं शेवटची चादर कधी बदलली होती, हे विचारायला हवं होतं. शाळा कसली, मूर्खांचा बाजार. उद्या त्या मऊबाईच्या वॉर्डात माणसं ओल्या चादरीवर पडून गुडघ्यांच्या गप्पा मारतील, तेव्हा कळेल यांना. नाक्यावर मात्र ती थांबली, डोळे पुसले, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून चहूकडे बघून घेतलं.

घरी दादानं ऐकलं आणि चेहरा पाडायचा प्रयत्न केला. जमला नाही. "अरेरे," तो म्हणाला, "पण एका अर्थी बरंच झालं गं. आत्याचं कोणी केलं असतं?" वहिनी आतून म्हणाली, "तेच तर! आम्हाला काही ते जमलं नसतं." धाकटीचा राखून ठेवलेला प्रश्न घशात तसाच राहिला.

ती तडक आत्याच्या खोलीत गेली. आत्या जागीच होती. धाकटीनं रोजच्या सवयीनं पांघरूण ओढलं, उशी ठोकली, आणि हात चालू असतानाच तोंडही सोडलं.

"ऐकलंस? नाही घेतलं मला. का, तर म्हणे मी पेशंटला विचारत नाही! विचारत नाही म्हणे! तूच सांग आता. तुला कधी काही कमी पडू दिलं मी? कधी ओलं राहू दिलं? एक तरी जखम आहे पाठीला?"

आत्याचे ओठ हलायला लागले. "घे... घे..."

"घेतलं नाही, हो. तेच सांगतेय."

आत्यानं डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं. त्या हातात इतका जोर असेल, असं धाकटीला वाटलं नव्हतं. ती थांबली. आत्याच्या कपाळावर घाम आला, जबडा वाकडा झाला, आणि शब्द आले ते एकामागून एक, अंतर ठेवून.

"घेतलं... नाही... बरं... झालं."

धाकटीचा राग क्षणात ओसरला. घरात निदान एका माणसाला तरी ती हवी होती. "अगं वेडे," ती म्हणाली, "मी कुठं जाणार होते तुला सोडून? सुट्टीला आले असते की. तुला हेच म्हणायचं होतं ना? माझ्यावाचून तुझं..."

आत्यानं मान हलवली. नाही. मनगट सोडलं नाही. परत घाम, परत तो जबडा. या वेळी धाकटीला थांबावंच लागलं, कारण पुढे काय येणार, ते तिला खरोखरच कळत नव्हतं. आत्याच्या डोळ्यांत मात्र ती जुनी आत्या होती, माणसाला सोलून काढणारी.

"तिथल्या... पेशंटांचं," आत्या म्हणाली. "बरं... झालं."

मग तिनं धाकटीचं मनगट सोडलं.