बिनअंड्याचा मग

मी बनुबाई. तोंडानं फटकळ, गल्लीतल्या कुत्र्यालाबी ठाव हाय. पटलं न्हाई की तोंडावर बोलती, मागनं कुजबुजायची सवं न्हाई मला. आता ह्यात माझीच लाज हाय, तर ती काय झाकून ठिवू? ऐका.

आमचं मालक, लालासाहेब, फौजेत हवालदार. दोन वर्सं मी त्यांच्यासंगं अंबाल्याच्या क्वार्टरात ऱ्हायले. तिथं कॅप्टनसायबाच्या बाईनं मला केक शिकीवला. भट्टी न्हाई का काय न्हाई. पातेल्यात वाळू घालून स्टोवर तापवायची आन् वाळूत फौजेचं पांढरं इनॅमलचं मग रवायचं. हरेक मगात एका मानसापुरतं: मूठभर मैदा, साखर, डालडा, दूध, चिमूटभर सोडा आन् एक अंडं फेटून. वर परात झाकायची. चार गप्पा हुईस्तवर केक मगाच्या वर डोकं काढून बसायचा. ज्याचा त्याचा मग, ज्याचा त्याचा चमचा. वाटणीवरनं भांडान न्हाई.

चौऱ्याहत्तर साली मालकांची बदली बर्फाकडं झाली आन् मी सांगलीजवळ सासरी आले. ट्रंकेतनं चार मग आन् वासाच्या इसेन्सची बाटली आनली. मंग काय इचारता! वडूजकडच्या कोरड्या रानातली पोर, लगीन हुईस्तवर जिनं मैदा बगितला न्हवता, ती पाटलिनींना केक खाऊ घालती म्हटल्यावर माझं पाय भुईवर ठरंनात. "बनुबाई, आमच्याकडं पावणं आल्यात, दोन मग करून देतीस का?" असं कुनी म्हटलं की मी आदी आढंवेढं घ्यायची, आन् मंग पदर खोचायची.

माझ्या भिंतीला भिंत लागून गुणमालाचं घर. जैनाची मानसं. कांदा न्हाई, लसूण न्हाई, दिस मावळल्यावर तोंडात घास न्हाई. दुसऱ्याच्या घरी ती पानीबी प्यायची न्हाई. माझ्याकडं तेवढी प्यायची. माझ्या बाळंतपनात तिनं रातीचा दिवस केला व्हता, आन् तिच्यासाठी मी येगळा तांब्या राखंनं घासून ठेवायची. असं आमचं.

एक दिस ती म्हनाली, "बनू, समदी गल्ली तुझा केक खाती, मी काय नुसता वासच घ्यायचा व्हय?"

"आगं, अंडं असतंय त्यात."

"मंग माझ्यात घालू नगंस की. मग तर येगळाच असतोय."

खरं व्हतं तिचं. दुसऱ्या दिशी मी चारी मग उकळत्या पान्यानं धुतलं. आदी तिचं पीठ कालवलं, बिनअंड्याचं, आन् मगाच्या कानाला लाल दोरा बांधला. मंग बाकीच्या तिन्हीत अंडं घातलं. ओसरीवर गुणमाला आन् पलीकडची तानुबाई बसल्या व्हत्या. तानुबाई म्हंजे जिभंला हाड न्हाई. हिथं कळलं की तिथं बाजारात कळलं.

परात उचलली आन् बगती तर काय! तीन मग टम्म फुगल्यालं. दोऱ्याचा मग खाली बसल्याला, वल्ल्या मातीगत.

भाईर तानुबाई वरडली, "आन की गं, वासानं जीव चाललाय!"

दुसरी बाई असती तर म्हनाली असती, गुणमाला, तुझा नीट झाला न्हाई बग. एवढंच तर म्हनायचं व्हतं! पर मला वाटलं, तानुबाई ह्यो बसल्याला गोळा बगंल आन् गावभर सांगंल, एवढ्यावर नाचती व्हय ही. नाक कापलं जाईल माझं. मी दोरा सोडला. फुगल्याल्या मगाला बांधला. अंड्याच्या मगाला.

"अंडं न्हाई न्हवं गं?" चमचा हातात धरून गुणमालानं इचारलं.

"न्हाई गं बाई. दोरा बग की!"

ती निवांत खात ऱ्हायली. मगाचं बूड खरवडून खाल्लं तिनं. म्हनाली, "अंड्याबिगर एवढा फुगला! हात हाय बाई तुझा." आन् मी, निलाजरी, हासले. त्या हासन्याची मला आज शिसारी येती.

आठ दिस झालं. गुणमालाची सासू, पद्माक्का, तापानं आथरुनाला खिळली. ऐंशीच्या फुडची म्हातारी, समद्या आयुष्यात दुसऱ्याच्या चुलीवरचं खाल्लं न्हवतं तिनं. तोंडाची चव गेल्याली, पेज गिळवंना. गुणमाला माझ्याकडं आली, हातात तिच्या घरची पितळंची वाटी, मैदा, साखर आन् लोनकडं तूप.

"बनू, आत्तीला मऊ काय तरी पायजे. तिला केकाचं सांगितलं. ती नगंच म्हनत व्हती. म्हनाली, अंडं असंल. मी म्हनाले, आत्ती, बनू माझ्याशी खोटं बोलायची न्हाई. तवा कुटं व्हय म्हनाली. दिस मावळायच्या आत दे."

मेल्याहून मेल्यागत झालं मला. वाटी घेऊन मी स्टोपाशी बसले. टोपलीत अंडी व्हती. एक अंडं, आन् माझी अब्रू शाबूत. पर म्हातारीचा ऐंशी वर्सांचा नेम! माझ्या हातानं मोडू? हात टोपलीकडं गेला न्हाई, एवढंच काय ते माझं पुन्य. बिनअंड्याचं पीठ वाळूत ठिवलं. व्हायचं तेच झालं. वाटीत चिकट गोळा.

ऊन कलतानी मी तिच्या घरात गेले. गुणमालानं वाटीत बगितलं.

"आज गं कसा बसला?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऱ्हायले.

"त्या दिशी तर..." ती म्हनाली, आन् तिथंच थांबली. माझ्या तोंडाकडं बगत ऱ्हायली. मला वाटलं, आता शिव्या देईल, वाटी फेकून मारंल. दिली असती तर बरं झालं असतं.

"अंडं व्हतं त्यात," मी म्हनाले. "दोरा मी बदलला व्हता."

तिनं वाटी घेतली, आत गेली, गोळ्याचं बारीक तुकडं करून दुधात भिजवून म्हातारीला भरवलं. म्हातारी म्हनाली, "ग्वाड हाय गं. बनू लय गुनाची." गुणमालानं तिचं तोंड पुसलं. मंग मला दारापतुर सोडायला आली.

"आत्तीला कळू देऊ नगंस," ती म्हनाली. "माझ्या सबदावर इस्वास ठिवला तिनं."

"मला माफ कर गं."

"तुला काय करू माफ? खाल्लं मी हाय." तिचा आवाज चढला न्हाई. दुसऱ्या दिशी ती देवळात गेली आन् नेम घेतला, वरीसभर गोड बंद. साखर न्हाई, गूळ न्हाई, सनाची पुरनपोळी न्हाई. हे मला तिनं न्हाई सांगितलं. तिच्या धाकट्या लेकीनं सांगितलं, "आई आता बिनसाखरंचा च्या पिती."

माझ्याकडं येनं तिनं थांबीवलं न्हाई. येनं बंद केलं असतं, तर मला भांडायला तरी जागा ऱ्हायली असती.

संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकू व्हतं. गल्लीतल्या धा-बारा बाया. मी तिळगूळ दिला, गुणमालानं तो पदराच्या गाठीला बांधला.

तानुबाईनं हेरलं. "का गं, खात का न्हाईस? नवऱ्याशी वरीसभर कडू बोलायचंय काय?"

बाया हासल्या. "असंच गं," गुणमाला म्हनाली. माझ्याकडं तिनं बगितलंबी न्हाई, कुनाच्या ध्यानात येईल म्हनून.

एक वाक्य बोलायचं व्हतं मला. तिनं माझ्यापायी सोडलंय. बस. ओठ उगडलं, समद्या बाया माझ्याकडं बगाय लागल्या. आन् मी म्हनाले, "आगं, तिला जाड व्हायचं भ्या वाटतंय!"

घरभर हासू झालं. तानुबाई तर मांडीवर थाप मारून हासली. गुणमालाबी हासली आन् कुंकू लावून घ्यायला तिनं कपाळ माझ्यापुढं केलं.