बटणांकडची विहीण

त्या काळी सैन्याचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काकूंचा शब्द शेवटचा. कापड इथलंच, बटणं मात्र शेजारच्या देशातून येत. आणि गंमत म्हणजे तिकडच्या सैन्याला कापड इथून जाई. बटणांच्या खोक्यात तिकडच्या बटणवालीची चिठ्ठी असे. काकूही कापडाच्या गठ्ठ्यात उत्तर खोचत. बावीस वर्षांत एकदाही भेट नाही, पण कापड आमचं, बटणं तुमची, म्हणजे आपण विहिणी, हे पहिल्याच वर्षी ठरलेलं. मग टोमणे आलेच.

'तुमचं कापड आटतं हो!'

'तुमच्या बटणांची भोकं तिरळी!'

पुढे मोठ्यांचं बिनसलं. सीमा बंद, बटणं बंद.

"शत्रूचं एक बटण दिसता कामा नये," सैन्यातल्या साहेबांनी काकूंना बजावलं. "आणि महिनाअखेरच्या संचलनाला गणवेश तयार नसले, तर कारखान्याला कुलूप!"

काकूंनी लाकडी बटणं कातून घेतली. साहेब स्वतः गणवेश घालून बघायला आले. आरशासमोर छाती फुगवून त्यांनी कडक सलाम ठोकला, तशी कमरेचं बटण उडालं ते थेट इस्त्रीवालीच्या चहात. सलामाचा हात विजार धरायला खाली आला.

कुणी हसलं नाही. सगळ्याजणी एकदम खाली वाकून सुया शोधू लागल्या.

"आता हो काकू?" साहेबांनी विचारलं.

"आता विहिणीच्या पाया पडायचं. तिकडे बटणं आहेत, पण लावणार कशाला?"

"म्हणजे शत्रूला कापड द्यायचं?"

"छे! तिसऱ्या देशाला द्यायचं. त्यांनी ते कुणाच्या घरी धाडायचं, ते त्यांचं ते बघतील. बटणंही तशीच येतील."

साहेबांनी डाव्या हातानं विजार धरली आणि उजव्या हातानं सही केली. गठ्ठा निघाला. चिठ्ठी खोचायला काकू विसरल्या नाहीत.

संचलनाला चार दिवस उरले, तेव्हा कुठे तिसऱ्याच देशाचा शिक्का मारलेलं खोकं आलं.

"वा! मित्रदेशाची बटणं!" साहेब खूश झाले.

काकूंनी एक बटण उजेडात धरलं. भोकं तिरळी. त्यांचा जीव भांड्यात पडला. तळाशी चिठ्ठी होती.

'विहीणबाई, कापड पोचलं. आमचे साहेब तोवर चादर गुंडाळून बसले होते. या खेपेला आटणार नाही ना?'

"आटलं तर आटलं," काकू पुटपुटल्या, आणि त्यांनी सुईत दोरा ओवला. "चला गं, बसा! बटणांकडच्यांनी वेळ पाळली. आता आपलं नाक जायला नको."